जोडीदार बदलले, दुहेरी टिकली : रोहन बोपण्णाची कारकीर्द

- क्रीडा प्रतिनिधी

व्यावसायिक टेनिसमधून निवृत्त होत असल्याची घोषणा रोहन बोपण्णाने १ नोव्हेंबर २०२५ रोजी केली, तेव्हा तो ४५ वर्षांचा होता. त्याआधी काही दिवस तो पॅरिस मास्टर्स स्पर्धेत कझाकस्तानच्या अलेक्झांडर बुब्लिकच्या साथीने खेळला आणि पहिल्याच फेरीत पराभूत झाला. तो सामना त्याच्या कारकिर्दीतील अखेरचा ठरला. २००३ मध्ये व्यावसायिक बनलेल्या या खेळाडूच्या खात्यावर एटीपी दौऱ्यातील दुहेरीची २६ जेतेपदे, मास्टर्स दर्जाच्या सहा स्पर्धांतील विजय, एक पुरुष दुहेरीचे आणि एक मिश्र दुहेरीचे अशी दोन ग्रँड स्लॅम अजिंक्यपदे आणि जागतिक क्रमवारीतील अव्वल स्थान जमा आहे. एकेरीत मात्र २१३ व्या क्रमांकापलीकडे त्याला कधीही मजल मारता आली नाही.

एकेरीत पहिल्या दोनशेतही स्थान न मिळालेला खेळाडू वयाच्या ४३ व्या वर्षी दुहेरीत जगात पहिला कसा ठरतो? दुहेरी हा एकेरीपेक्षा सोपा प्रकार आहे, असा सरधोपट निष्कर्ष यावरून अनेकजण काढतात. प्रत्यक्षात दुहेरी हा वेगळ्या कौशल्यांचा, वेगळ्या हिशेबांचा आणि वेगळ्या असुरक्षिततेचा व्यवसाय आहे. या व्यवसायात फटक्यांइतकाच, किंबहुना कधी कधी त्याहून अधिक, जोडीदार महत्त्वाचा असतो. बोपण्णाची बावीस वर्षांची वाटचाल या व्यवसायाची ओळख करून घेण्यासाठी उत्तम उदाहरण ठरते.

एकेरीत अडलेली वाट

बोपण्णाचा जन्म ४ मार्च १९८० चा. कर्नाटकातील कुर्ग अर्थात कोडगू जिल्ह्यातील कॉफी मळ्यांच्या परिसरात तो वाढला. वडील कॉफी बागायतदार. वयाच्या अकराव्या वर्षी त्याने टेनिसला सुरुवात केली. व्यावसायिक टेनिसपटूंच्या दृष्टीने हे वय उशिराचेच. सर्व्हिसला ताकद यावी म्हणून लाकडे फोडली आणि दम वाढावा म्हणून कॉफीच्या मळ्यांतून धावलो, अशी आठवण त्याने निवृत्तीच्या निवेदनातही सांगितली. किशोरवयात काही काळ त्याने पुण्यात नंदन बाळ यांच्या मार्गदर्शनाखालीही सराव केला.

सहा फुटांहून अधिक उंची, उंचावरून कोसळणारी वेगवान सर्व्हिस आणि जोरकस फोरहँड ही त्याची शस्त्रे होती. २००२ मध्ये त्याने डेव्हिस चषकात पदार्पण केले. परंतु तेव्हा एकेरीचा खेळ झपाट्याने बदलत होता. कोर्टचा वेग कमी होत गेला, रॅकेटच्या नव्या ताती चेंडूला अधिक फिरकी देऊ लागल्या आणि बेसलाइनवरून दीर्घ रॅली खेळणाऱ्या चपळ खेळाडूंचे वर्चस्व वाढले. सर्व्हिस करून नेटकडे धाव घेणाऱ्या उंच खेळाडूला एकेरीत जागा उरली नव्हती. दुहेरीत ती शिल्लक होती.

तरीही बोपण्णाने एकेरी लगेच सोडली नाही. सप्टेंबर २०१० मध्ये चेन्नईत ब्राझीलविरुद्धच्या डेव्हिस चषक लढतीत भारत ०-२ असा पिछाडीवर पडला होता. ती लढत २-२ अशी बरोबरीत आल्यावर निर्णायक पाचवा सामना बोपण्णाच्या वाट्याला आला आणि त्याने रिकार्डो मेलोला नमवून भारताला जागतिक गटात स्थान मिळवून दिले. एकेरीतील त्याचा हा सर्वांत संस्मरणीय विजय म्हणावा लागेल. मात्र तोपर्यंत त्याच्या कारकिर्दीची दिशा ठरून गेली होती. २००८ मध्ये अमेरिकेच्या एरिक ब्युटोरॅकच्या साथीने लॉस एंजल्स येथे त्याने दुहेरीचे पहिले एटीपी जेतेपद पटकावले होते.

नऊ फुटांचा फरक

एकेरीचे कोर्ट २७ फूट रुंद असते, तर दुहेरीचे ३६ फूट. दोन्ही बाजूंना साडेचार फुटांची पट्टी वाढते, पण खेळाडू मात्र दुप्पट होतात. त्यामुळे प्रत्येकाच्या वाट्याला एकेरीपेक्षा कमी जागा येते आणि धावण्यापेक्षा प्रतिक्षिप्त हालचालीला अधिक मोल येते.

एकेरीत प्रतिस्पर्ध्याची सर्व्हिस कशीबशी उंच आणि खोलवर परतवली तरी गुण चालू राहतो. दुहेरीत असा चेंडू नेटपाशी उभा असलेला खेळाडू क्षणार्धात संपवतो. म्हणून परतीचा फटका नेटच्या पट्टीला लागून जाईल इतका खाली आणि नेटवरील खेळाडूपासून दूर, तिरका जावा लागतो. सर्व्हिस करणाऱ्याचेही तसेच. केवळ वेग उपयोगाचा नाही. आपल्या जोडीदाराला चेंडूवर झडप घालता येईल अशा जागी सर्व्हिस पडली पाहिजे. नेटवर उभा असलेला खेळाडू पाठीमागे हात धरून बोटांच्या खुणांनी आपण कोणत्या बाजूला सरकणार हे सांगतो, ते यासाठीच. कधी तो कोर्टच्या मध्यरेषेवर खाली वाकून बसतो आणि सर्व्हिस पडताच डावीकडे किंवा उजवीकडे उसळतो. प्रतिस्पर्ध्याला परतीचा फटका मारताना समोरची कोणती बाजू मोकळी असेल हे कळत नाही आणि त्याची चूक होते.

प्रेक्षकांना दिसणारा विजयी व्हॉली एकाचा असतो, पण तो घडवणारी सर्व्हिस दुसऱ्याची असते. दोघांच्या मधून जाणारा चेंडू कोणी घ्यायचा, उंच आलेल्या चेंडूमागे कोणी धावायचे, पहिली सर्व्हिस चुकल्यावर बेत बदलायचा की नाही, हे निर्णय बोलायला वेळ नसताना घ्यावे लागतात. ही समज एकत्र सामने खेळल्याशिवाय येत नाही.

दुहेरीत गुण लवकर संपतात, धावणे कमी असते. साहजिकच गुडघे, घोटे आणि पाठ यांची झीजही तुलनेने कमी होते. नजर, हात आणि अनुभव शाबूत असतील तर चाळिशीनंतरही खेळता येते. लिअँडर पेस, डॅनियल नेस्टर, माइक ब्रायन अशी उदाहरणे बोपण्णाच्या आधीही होती. मात्र त्याच्याइतक्या वयात पहिला क्रमांक कोणी गाठला नव्हता.

वेळापत्रकाच्या सोयीसाठी बदललेले नियम

बोपण्णा या व्यवसायात स्थिरावत असतानाच दुहेरीच्या अस्तित्वावर प्रश्नचिन्ह उभे राहिले होते. २००५ मध्ये एटीपीने दुहेरीचे स्वरूप बदलण्याचा प्रस्ताव मांडला. सेट पाच गेमचे करावेत आणि प्रवेश देताना एकेरी खेळणाऱ्यांना झुकते माप द्यावे, असा त्याचा रोख होता. नामांकित एकेरीपटू दुहेरीत उतरत नसल्याने प्रेक्षक येत नाहीत आणि दुहेरीवरील खर्च परवडत नाही, ही त्यामागची भूमिका होती. केवळ दुहेरीवर उपजीविका करणाऱ्यांच्या दृष्टीने ही गळचेपीच होती. ब्रायन बंधूंसह अनेक दुहेरीपटूंनी त्याविरुद्ध अमेरिकेतील न्यायालयात धाव घेतली.

अखेर तडजोड झाली. छोट्या सेटची कल्पना बारगळली. परंतु ४०-४० अशी बरोबरी झाल्यावर एकाच निर्णायक गुणावर गेम संपवायचा आणि तिसऱ्या सेटऐवजी दहा गुणांचा सुपर टायब्रेक खेळवायचा, हे दोन बदल एटीपी दौऱ्यात रूढ झाले. सामना सुमारे दीड तासात आटोपू लागला आणि आयोजकांना वेळापत्रक आखणे सोपे झाले.

खेळाडूंसाठी मात्र अनिश्चितता वाढली. दीर्घ सामन्यात चांगली जोडी आपली चूक सावरू शकते. दहा गुणांच्या टायब्रेकमध्ये दोन चुका झाल्या तर आठवडा संपतो. दुहेरीपटूंच्या निकालांत जो चढउतार दिसतो, त्याचे एक कारण या नियमांत आहे. अग्रमानांकित जोड्याही पहिल्या फेरीत गारद होतात आणि पुढच्या आठवड्यात विजेत्या ठरतात.

जोडी जमते कशी?

दुहेरीच्या क्रमवारीत गुण जोडीला नव्हे, तर प्रत्येक खेळाडूला स्वतंत्रपणे मिळतात. स्पर्धेत प्रवेश मिळवताना दोघांच्या क्रमांकांची बेरीज पाहिली जाते. समजा, एक खेळाडू विसावा आणि दुसरा तिसावा असेल तर त्यांची बेरीज पन्नास होते. ज्यांची बेरीज कमी, त्यांना आधी प्रवेश. या हिशेबात एकेरीची क्रमवारी वापरण्याचीही मुभा असल्याने एकेरीतील आघाडीचे खेळाडू ऐनवेळी दुहेरीत उतरले तर तळाच्या दुहेरी जोड्यांना बाहेर बसावे लागते.

त्यामुळे जोडीदाराची निवड हा केवळ मैत्रीचा विषय राहत नाही. आपला क्रमांक घसरला की चांगला जोडीदार मिळत नाही आणि चांगला जोडीदार नसला की क्रमांक सुधारत नाही, या चक्रात अनेकांच्या कारकिर्दी अडकतात. हंगाम संपत आला की जोड्या मोडतात आणि नव्या जुळतात. ब्रायन बंधूंसारखे आयुष्यभराचे साथीदार हा अपवाद. इतरांना प्रत्येक हंगामात हा संसार नव्याने थाटावा लागतो.

बोपण्णाच्या मास्टर्स जेतेपदांची यादी याची साक्ष देते. २०११ मध्ये पॅरिस येथे पाकिस्तानचा ऐसाम-उल-हक कुरेशी, २०१२ मध्ये तेथेच महेश भूपती, २०१५ मध्ये माद्रिद येथे रुमानियाचा फ्लोरिन मर्जिया, २०१७ मध्ये माँटे कार्लो येथे उरुग्वेचा पाब्लो क्युव्हास, त्यानंतर २०२३ मध्ये इंडियन वेल्स आणि २०२४ मध्ये मायामी येथे ऑस्ट्रेलियाचा मॅथ्यू एब्डेन. सहा जेतेपदे आणि पाच साथीदार. फ्रान्सच्या एदुआर्द रॉजर-व्हॅसेलिनच्या साथीने तो २०१३ मध्ये विम्बल्डनच्या उपांत्य फेरीत पोचला आणि त्याच वर्षी जुलैत जागतिक क्रमवारीत तिसऱ्या स्थानी विराजमान झाला. प्रत्येक नव्या जोडीदाराबरोबर खुणा, डावपेच, एवढेच नव्हे तर पराभवानंतर परस्परांशी कसे बोलायचे हेही नव्याने ठरवावे लागते.

'इंडो-पाक एक्स्प्रेस'

या सर्व जोड्यांत लोकांच्या मनात घर केले ते बोपण्णा-कुरेशी जोडीने. मुंबईवरील २००८ च्या हल्ल्यानंतर उभय देशांचे संबंध ताणलेले असताना एक भारतीय आणि एक पाकिस्तानी खेळाडू नेटच्या एकाच बाजूला उभे राहत होते. २०१० च्या अमेरिकन खुल्या स्पर्धेत या जोडीने अंतिम फेरी गाठली, तेव्हा संयुक्त राष्ट्रांतील भारत आणि पाकिस्तानचे प्रतिनिधी प्रेक्षागृहात उपस्थित होते. ब्रायन बंधूंनी तो सामना ७-६, ७-६ असा जिंकला, परंतु टाळ्या पराभूत जोडीलाही तितक्याच मिळाल्या. युद्ध थांबवा, टेनिस सुरू करा, असा संदेश देणाऱ्या या जोडीला त्या वर्षी एटीपीचा आर्थर अ‍ॅश मानवतावादी पुरस्कार देण्यात आला.

तरीही २०११ च्या अखेरीस ही जोडी वेगळी झाली. पुढच्या वर्षी लंडन ऑलिम्पिक होते आणि ऑलिम्पिकमध्ये दोन्ही साथीदार एकाच देशाचे असावे लागतात. बोपण्णाने भूपतीबरोबर खेळण्याचे ठरवले. २०१४ मध्ये तो आणि कुरेशी पुन्हा एकत्र आले आणि त्यांनी दुबईतील स्पर्धा जिंकली, मात्र २०१० ची लय पुन्हा गवसली नाही.

ऑलिम्पिकची सल

दौऱ्यात जोडीदार निवडण्याचे स्वातंत्र्य खेळाडूला असते. ऑलिम्पिकमध्ये त्या स्वातंत्र्यावर राष्ट्रीय संघटनेची आणि देशातील उपलब्ध खेळाडूंची मर्यादा येते. बोपण्णाच्या कारकिर्दीतील सर्वाधिक कटू प्रसंग याच मर्यादेतून उद्भवले.

२०१२ मध्ये अखिल भारतीय टेनिस संघटनेने पेस आणि भूपती यांची जोडी निश्चित केली. भूपतीने पेससोबत खेळण्यास नकार दिला. त्यानंतर बोपण्णाचे नाव पुढे आले, तेव्हा त्यानेही नकार दिला. अखेर भूपती-बोपण्णा आणि पेस-विष्णू वर्धन अशा दोन जोड्या लंडनला पाठवण्यात आल्या. दोन्ही जोड्यांचे आव्हान दुसऱ्या फेरीत संपुष्टात आले. २०१६ मध्ये बोपण्णा पहिल्या दहांत होता आणि त्याची पसंती साकेत मायनेनीला होती. संघटनेने पेसची निवड केली. रिओत ही जोडी पहिल्याच फेरीत हरली.

रिओतच सानिया मिर्झाच्या साथीने मिश्र दुहेरीत मात्र पदक हाताच्या अंतरावर आले होते. उपांत्य फेरीत व्हीनस विल्यम्स आणि राजीव राम यांनी सुपर टायब्रेकमध्ये बाजी मारली. कांस्यपदकाच्या लढतीत चेक प्रजासत्ताकाच्या ल्युसी ऱ्हादेका आणि रादेक स्टेपानेक यांनी भारतीय जोडीला ६-१, ७-५ असे पराभूत केले. २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये तो एन. श्रीराम बालाजीबरोबर उतरला. सलामीलाच त्यांची गाठ पडली ती गेल माँफिस आणि बोपण्णाचा एकेकाळचा साथीदार रॉजर-व्हॅसेलिन यांच्याशी. तो सामना हरल्यावर त्याने भारतातर्फे खेळणे थांबवले. डेव्हिस चषकाचा निरोप त्याने सप्टेंबर २०२३ मध्ये लखनौ येथील मोरोक्कोविरुद्धच्या लढतीत घेतलाच होता. पॅरिसमध्ये दुहेरीचे सुवर्णपदक पटकावणाऱ्या ऑस्ट्रेलियन जोडीत एब्डेन होता. दौऱ्यातील साथीदार सुवर्णपदक विजेता आणि बोपण्णा पहिल्या फेरीत बाद, हा दुहेरीतील राष्ट्रीयत्वाच्या अटीचा परिणाम म्हणावा लागेल.

सदतिसाव्या वर्षी पहिले ग्रँड स्लॅम

ग्रँड स्लॅम जेतेपदासाठी बोपण्णाला २०१७ पर्यंत वाट पाहावी लागली. फ्रेंच खुल्या स्पर्धेच्या मिश्र दुहेरीत कॅनडाच्या गॅब्रिएला डाब्रोव्स्कीच्या साथीने त्याने ॲना-लेना ग्रोनेफेल्ड आणि रॉबर्ट फराह यांच्यावर २-६, ६-२, १२-१० अशी मात केली. सुपर टायब्रेकमध्ये प्रतिस्पर्ध्यांना विजयासाठी दोनदा एकच गुण हवा होता. दोन्ही वेळा ही जोडी बचावली. पेस, भूपती आणि सानिया यांच्यानंतर ग्रँड स्लॅम जिंकणारा बोपण्णा हा चौथा भारतीय ठरला.

झिजलेले गुडघे आणि अय्यंगार योग

यानंतरचा काळ कसोटीचा होता. दोन्ही गुडघ्यांतील कूर्चा झिजली होती आणि वेदनाशामक गोळ्या घेऊन तो खेळत होता. २०२० मध्ये करोनामुळे दौरा थांबला, त्या काळात बंगळूरमध्ये त्याने अय्यंगार योगाचा नियमित अभ्यास सुरू केला. बी. के. एस. अय्यंगार यांनी पुण्यात विकसित केलेल्या या पद्धतीत दोर, खुर्च्या, पट्टे यांच्या आधाराने आसने दीर्घकाळ आणि अचूक स्थितीत केली जातात. गुडघ्याभोवतीचे स्नायू बळकट झाल्याने वेदना कमी झाल्या आणि कोर्टवर मनही शांत राहू लागले, असे त्याने अनेकदा सांगितले आहे.

निकाल मात्र लगेच बदलले नाहीत. २०२१ मध्ये पाच महिने त्याला एकही विजय मिळाला नाही. आता थांबावे असे वाटते, असा चित्रफितीतला निरोप आपण पत्नीला पाठवला होता, असे त्याने नंतर सांगितले. तेव्हा तो ४१ वर्षांचा होता आणि पुरुष दुहेरीतील ग्रँड स्लॅम त्याच्या नावावर नव्हते. त्या वेळी तो खरोखर थांबला असता तर त्याची गणना एक चांगला पण पेस-भूपतींच्या छायेत राहिलेला खेळाडू अशीच झाली असती.

एब्डेनची साथ

२०२३ च्या हंगामासाठी त्याने एब्डेनशी जोडी जमवली. एब्डेन त्याच्याहून सात वर्षांनी लहान. एकेरीत तो पहिल्या चाळिसांत येऊन गेलेला आणि २०२२ मध्ये मॅक्स पर्सेलच्या साथीने विम्बल्डनची दुहेरी जिंकलेला. बोपण्णाकडे सर्व्हिस आणि फोरहँडची ताकद होती, तर एब्डेनकडे चपळ पाय आणि भरवशाचा परतीचा फटका. एकाची उणीव दुसऱ्याच्या गुणाने झाकली जाते तेव्हाच जोडी जमली असे म्हणायचे. तशी ही जोडी जमली.

मार्च २०२३ मध्ये त्यांनी इंडियन वेल्स जिंकली आणि ४३ व्या वर्षी मास्टर्स जिंकणारा बोपण्णा सर्वांत वयस्कर खेळाडू ठरला. विम्बल्डनमध्ये उपांत्य फेरी, त्यानंतर अमेरिकन खुल्या स्पर्धेत अंतिम फेरी. कुरेशीसोबतच्या पहिल्या अंतिम फेरीनंतर तब्बल तेरा वर्षांनी तो त्याच स्पर्धेत पुन्हा अंतिम फेरीत पोचला. राजीव राम आणि जो सॅलिसबरी यांनी तो सामना २-६, ६-३, ६-४ असा जिंकला. त्या सामन्यात एक चेंडू बोपण्णाच्या हाताला निसटता लागून बाहेर गेला. पंचांच्या ते लक्षात आले नव्हते. त्याने स्वतःहून ते सांगितले आणि गुण प्रतिस्पर्ध्यांना बहाल केला.

२७ जानेवारी २०२४ रोजी मेलबर्नमध्ये प्रतीक्षा संपली. वाट सोपी नव्हती. उपांत्य फेरीत टॉमस मॅखॅक आणि झांग झिझेन या दोन तरुण एकेरीपटूंनी बोपण्णा-एब्डेन यांना तिसऱ्या सेटच्या टायब्रेकपर्यंत खेचले आणि तो १०-७ असा सुटला. अंतिम सामन्यात सिमोन बोलेली आणि आंद्रेआ वावासोरी या इटालियन जोडीवर ७-६, ७-५ असा विजय मिळाला. खुल्या युगात पुरुष दुहेरीचे ग्रँड स्लॅम जिंकणारा तो सर्वांत वयस्कर खेळाडू ठरला. दोन दिवसांनी जाहीर झालेल्या क्रमवारीत तो पहिल्या स्थानी होता. त्याच जानेवारीत त्याला पद्मश्री जाहीर झाली आणि मार्चमध्ये मायामी मास्टर्स जिंकून त्याने वयाचा आपलाच विक्रम मोडला.

२०२४ चा हंगाम संपल्यावर ही जोडीही वेगळी झाली. २०२५ मध्ये बोपण्णा पुन्हा साथीदारांच्या शोधात दिसला. निकोलस बॅरिएन्टोस, बेन शेल्टन, ॲडम पाव्लासेक, सँडर गिले अशी नावे बदलत गेली आणि क्रमांक घसरत गेला. सप्टेंबरमध्ये जपानच्या ताकेरू युझुकीबरोबर टोकियोत अंतिम फेरी गाठून त्याने एकदा आपली झलक दाखवली, पण तेवढीच.

पुणे आणि महाराष्ट्र

चेन्नईतील एटीपी स्पर्धा २०१८ मध्ये पुण्यात आली आणि बालेवाडीच्या शिवछत्रपती क्रीडा संकुलात टाटा खुली महाराष्ट्र टेनिस स्पर्धा या नावाने भरू लागली. बोपण्णाने २०१९ मध्ये दिविज शरणबरोबर आणि २०२२ मध्ये रामकुमार रामनाथनबरोबर तेथे जेतेपद पटकावले. जानेवारी २०२३ मधील स्पर्धा पुण्यातील अखेरची ठरली.

त्याच वर्षी हांगझाऊ आशियाई स्पर्धेत पुरुष दुहेरीतील अनपेक्षित पराभवानंतर बोपण्णापुढे मिश्र दुहेरी तेवढी उरली होती. साथीला होती महाराष्ट्राची ऋतुजा भोसले. अंतिम सामन्यात चायनीज तैपेईच्या जोडीविरुद्ध पहिला सेट २-६ असा गेल्यावर या दोघांनी ६-३, १०-४ अशी बाजी उलटवून सुवर्णपदक जिंकले. एकत्र खेळण्याचा फारसा अनुभव नसलेल्या जोडीदाराला सामना चालू असताना सांभाळून घेण्याचे, दडपण स्वतःकडे घेऊन तिला मोकळे खेळू देण्याचे कौशल्य तेथे दिसले. २०१८ मध्ये शरणसोबत मिळवलेल्या पुरुष दुहेरीच्या सुवर्णानंतरचे हे त्याचे दुसरे आशियाई सुवर्ण.

अर्धे बक्षीस, पूर्ण खर्च

दुहेरीचे अर्थकारण एका उदाहरणावरून स्पष्ट होईल. २०२४ च्या ऑस्ट्रेलियन खुल्या स्पर्धेत पुरुष एकेरीच्या विजेत्याला ३१ लाख ५० हजार ऑस्ट्रेलियन डॉलर मिळाले. दुहेरीच्या विजेत्या जोडीला ७ लाख ३० हजार, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला ३ लाख ६५ हजार. एकेरीच्या विजेत्याची रक्कम त्याच्या आठ पटींहून अधिक भरते. प्रशिक्षक, फिजिओ, विमानप्रवास आणि करांचा भार मात्र दुहेरीपटूलाही चुकत नाही. ही रक्कमही विजेत्यांची. लहान स्पर्धांत पहिल्या फेरीत हरणाऱ्याच्या हाती येणारे बक्षीस अनेकदा प्रवासातच संपते.

तरीही भारतीय खेळाडू दुहेरीकडे का वळतात? एकेरीत पहिल्या शंभरांत पोचण्यासाठी कित्येक वर्षे परदेशांत राहून, पदरचे पैसे घालून चॅलेंजर स्पर्धा खेळाव्या लागतात. भारतात मोठ्या स्पर्धा मोजक्याच असल्याने घरच्या मैदानावर क्रमवारीचे गुण मिळवण्याची संधीही कमी. दुहेरीत तेवढ्याच गुणवत्तेवर मोठ्या स्पर्धांची दारे लवकर उघडतात. शिवाय पेस आणि भूपती यांनी १९९९ मध्ये चारही ग्रँड स्लॅमची अंतिम फेरी गाठून आणि त्यांपैकी फ्रेंच व विम्बल्डन जिंकून या वाटेला प्रतिष्ठा मिळवून दिली होती. कुमार गटात जागतिक क्रमवारीत अव्वल ठरलेला आणि एकेरीत ८३ व्या स्थानापर्यंत गेलेला युकी भांब्रीदेखील दुखापतींनंतर दुहेरीकडे वळला आणि २०२५ मध्ये अमेरिकन खुल्या स्पर्धेच्या उपांत्य फेरीत खेळला.

या वाटेने भारताला ग्रँड स्लॅम विजेते मिळाले, हे खरे. पण दुहेरीतील यशामुळे एकेरीतील पोकळी झाकली गेली, हेही तितकेच खरे. डेव्हिस चषकात पाचपैकी चार सामने एकेरीचे असतात. एक उत्तम दुहेरीपटू देशाला एकच गुण देऊ शकतो.

पुढे काय?

दुहेरीसमोर वीस वर्षांपूर्वी उभा राहिलेला प्रश्न आजही मिटलेला नाही. २०२५ मध्ये अमेरिकन खुल्या स्पर्धेने मिश्र दुहेरी मुख्य स्पर्धेच्या आधीच्या आठवड्यात, केवळ १६ जोड्यांत आणि छोट्या सेटमध्ये खेळवली. प्रवेशात एकेरीतील नामवंतांना प्राधान्य दिले गेले आणि विजेत्या जोडीला १० लाख डॉलर देण्यात आले. दुहेरीतच कारकीर्द केलेल्या बहुतेक खेळाडूंना त्यात स्थान नव्हते. स्टेडियम भरले, हे आयोजकांचे गणित बरोबर ठरले. परंतु विजेतेपद मिळवले ते गतविजेत्या सारा एरानी आणि वावासोरी यांनी. अंतिम सामन्यात त्यांनी इगा श्वीऑनटेक आणि कॅस्पर रूड या एकेरीतील बड्या नावांना हरवले. मेलबर्नच्या अंतिम सामन्यात बोपण्णासमोर उभा असलेला वावासोरी तो हाच.

दुहेरी ही एकेरीत अपयशी ठरलेल्यांची पळवाट नव्हे, याचा याहून ठोस पुरावा शोधण्याची गरज नाही. प्रश्न एवढाच की, हे कौशल्य जोपासणाऱ्यांना खेळण्यासाठी जागा आणि उपजीविकेपुरते उत्पन्न मिळत राहणार की नाही. वयाच्या ४१ व्या वर्षी थांबण्याच्या विचारात असलेल्या बोपण्णाला आणखी चार हंगाम खेळता आले, कारण पहिल्या फेरीत हरल्यावरही पुढच्या आठवड्यात दुसऱ्या शहरात दुहेरीची आणखी एक स्पर्धा असे. दुहेरीचे तक्ते लहान होत गेले तर उशिरा फुलणाऱ्या अशा खेळाडूंना वाट पाहण्याची मुभाच उरणार नाही. आता बंगळूरमध्ये स्वतःच्या अकादमीत नव्या पिढीला घडवणाऱ्या बोपण्णाच्या विद्यार्थ्यांपैकी कोणी एकेरीत नाव काढले, तर त्याचा आनंद बहुधा सर्वाधिक या दुहेरीपटूलाच होईल.